तिसऱ्या फेरीत बंद पडलेली मोटारसायकल

अब्बा,

गेल्या महिन्यात एक इंग्रज बाई तुमचं पत्र घेऊन माझ्याकडे आली. तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि ते पत्र त्याच्याही कितीतरी आधीचं, मी चौदा वर्षांची असतानाचं. ते मला लिहिलेलं नव्हतं, पण त्यात मी होते. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. घरी आपण कोकणी बोलायचो. हे मी शाळेच्या मराठीत लिहिते आहे, कारण रत्नागिरीच्या शाळेने मला लिहायला हीच भाषा दिली, आणि तुम्हीही आखातातल्या उम्म अल कुवैनहून अम्मीला पत्रं याच भाषेत लिहायचात. आधी सवाल-जवाब, खुशाली मागून, असं अम्मी त्या पत्रांबद्दल म्हणायची. मीही आज तसंच करणार आहे.

तुमची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. बोटीवरचा इंजिनरूममधला फिटर लंडनला उतरला आणि परत चढलाच नाही. एका गॅरेजात लागला, तिथून स्पीडवेच्या मोटारसायकलींकडे गेला, आणि तीन वर्षांत एका रायडरचा मेकॅनिक म्हणून थेट जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीला लंडनच्या त्या मोठ्या स्टेडियममध्ये उभा राहिला. पुढे तुम्ही उम्म अल कुवैनला गाड्यांचं वर्कशॉप काढलंत, आणि मे महिन्याच्या सुट्टीत अम्मी आणि मी तिकडे यायचो. जुम्म्याची नमाज झाली की वर्कशॉपमागच्या दोन खोल्यांत गावाकडची चार माणसं जेवायला येत. कालवण तुम्ही स्वतः करायचात, अम्मीला सुट्टी. आणि मग रिकामं ताट ओट्यावर पालथं घालून तुम्ही त्याच्या कडेने शर्यत लावायचात. लाल मिरची, पिवळं लिंबू, पांढरी लसूण आणि बाटलीचं निळं झाकण. चार रायडर, चार रंगांची हेल्मेटं. चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. गाडीला ब्रेक नाहीच, गिअर एकच. डाव्या पायाच्या बुटाला लोखंडी तळ बांधायचा आणि तो राखेच्या ट्रॅकवर घासत, मागचं चाक बाहेर फेकत वळण काढायचं. पेट्रोल नाही, मेथनॉल, आणि टाकी एवढीशी, चार फेऱ्यांपुरती. इंजिनात जळणाऱ्या एरंडेलाचा वास तुम्ही असा सांगायचात की ऐकणारे पाहुणे नाकाने श्वास ओढायचे.

तुमचा रायडर म्हणजे लिंबू. त्याने पाचपैकी चार शर्यती जिंकल्या होत्या. शेवटच्या शर्यतीत नुसता दुसरा आला असता तरी जगज्जेता. लिंबू पहिल्या वळणाला पुढे, दुसऱ्या फेरीतही पुढे. तिसऱ्या फेरीत तुमचं बोट थांबायचं. "बंद पडली," तुम्ही म्हणायचात. मिरची, लसूण आणि झाकण पुढे निघून जायचे आणि लिंबू ताटाच्या कडेला एकटं राहायचं. पाहुणे हळहळायचे. कुणीतरी विचारायचंच, काय झालं होतं? तुम्ही सांगायचात, चेन तुटली.

मी चौदाची होते त्या मे महिन्यात तुम्ही म्हणालात, मॅग्नेटो गेला, ठिणगीच पडेना. पाहुण्यांना काहीच खटकलं नाही. मी दारात बसून ताक पीत होते, मी म्हटलं, "अब्बा, मागच्या वर्षी तुम्ही चेन म्हणाला होता." सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण लिंबू उचललंत आणि सुरी घेऊन कापूनच टाकलंत. पाहुणे गेल्यावर मला ओट्यापाशी बोलावलंत. मला वाटलं, कानाखाली बसेल. तुम्ही हात धूत होता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "माणसाला पकडायला शिकलीस. चांगलं आहे. आता सोडायला पण शीक." त्या सुट्टीत तुम्ही ती गोष्ट परत सांगितली नाहीत. पुढे कधीच सांगितली नाहीत. मी ते तेव्हाच कबुली म्हणून धरलं. मला वाटलं, हा माणूस त्या स्टेडियममध्ये गेलाच असेल तर तिकीट काढून गेला असेल.

अम्मीचा संशय वेगळा होता. त्याच सुट्टीत एका दुपारी तुम्ही वर्कशॉप अर्धं बंद करून पोस्टात गेलात आणि हातातलं पाकीट तिला दिसू दिलं नाहीत. तिने विचारलं तर म्हणालात, स्पेअर पार्टची ऑर्डर आहे. स्पेअर पार्ट तुम्ही शारजाहून स्वतः जाऊन आणायचात, हे तिला ठाऊक होतं. तेव्हापासून ती ठाम होती की लंडनला तुमची कुणीतरी बाई आहे. तुमची पत्र्याची पेटी ती दर सुट्टीत उचकायची. काही सापडलं नाही, आणि सापडत नाही याचाच तिने पुरावा केला. तुमच्या मागे ती नऊ वर्षं जगली. शेवटी शेवटी मला म्हणायची, तिकडची ती अजून असेल काय गं?

मी कशी झाले ते तुम्ही पाहिलंत. डिप्लोमा मेकॅनिकल, लग्न, दुबई, करामा भागात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि गाड्यांच्या इन्शुरन्स क्लेमची सर्व्हेयर. एकतीस वर्षं मी फुटलेल्या गाड्या बघते आहे. माणूस सांगतो, हबीबी, गाडी उभी होती, कोणीतरी ठोकून गेलं. मी बंपरला लागलेला रंग बघते, काचा कुठल्या बाजूला सांडल्यात ते बघते, आणि रिजेक्ट लिहिते. ऑफिसात नवीन पोरं मला घाबरतात. जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याखाली मी सही करत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. यात तुमचा वाटा किती हे मी कधी मोजलं नाही.

तर ही बाई. वर्कशॉप आता ज्या मल्याळी गृहस्थांकडे आहे त्यांचा फोन आला. इंग्लंडहून कुणीतरी तुमच्या अब्बांची चौकशी करतंय, नंबर देऊ का? मी म्हटलं, आधी तिचा नंबर मला द्या. ती तुमच्या त्या रायडरची मुलगी निघाली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, निवृत्त शिक्षिका. मुलाकडे ऑस्ट्रेलियाला जाताना दुबईत दोन दिवस थांबणार होती. माझ्याकडे तुमच्या वडिलांचं एक पत्र आहे, म्हणाली, ते दाखवायचं आहे आणि एक गोष्ट विचारायची आहे. माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला, हिला हवंय काय? मी पत्राचा फोटो मागवला. तिने फक्त पहिलं पान पाठवलं. मला तेही खटकलं. माझा नवरा म्हणाला, यल्ला, जाऊन ये, चहा पिशील आणि परत येशील, ती आपलं काय नेणार आहे? मुलीने लॅपटॉपवरून मान वर न करता सांगितलं, "मॉम, शी इज जस्ट अ सॅड ओल्ड लेडी. नॉट एव्हरीवन इज अ क्लेम."

पण त्या पानावर पत्ता लिहिताना तुम्ही इंग्रजी पत्रात सातचा आकडा मराठी काढला होता. अक्षरं सगळी कॅपिटल, स्पेअर पार्टच्या डब्यांवर लिहायचात तशी. तो सात पाहिला आणि मी रजा टाकली.

आम्ही करामातच, मेट्रोजवळच्या एका हॉटेलात भेटलो. दुपारी चारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होतं, तिचा चेहरा लालबुंद. ती उंच, पाठीत थोडी वाकलेली, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलेली. तिचाही माझ्यावर विश्वास नव्हता, हे मला बसल्या बसल्या कळलं. तिने आधी माझं आयडी कार्ड पाहायला मागितलं. मला राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं. मग तिने प्लास्टिकच्या फोल्डरमधून पत्र काढलं, दोन पानं, आणि माझ्याकडे सरकवलं, पण एक बोट त्याच्या कडेवर तसंच ठेवलं.

अब्बा, मी ते तिथे तीनदा वाचलं. तुम्ही लिहिलं होतं की शेवटच्या शर्यतीआधी टाकी काढली तेव्हा फ्रेमच्या मानेपाशी, जिथे पुढच्या चाकाचा फोर्क बसतो तिथे, तुम्हाला भेग दिसली. केसाएवढी. दुसरी मशीन आधीची शर्यत जिंकता जिंकताच गेली होती, वेळ उरला नव्हता. मी तुला सांगितलं, तुम्ही लिहिलंत, तू हसलास, मान हलवलीस आणि हेल्मेट चढवलंस. मग मी टाकीत अर्धंच मेथनॉल भरलं. तुला मी थांबवलं. मी फितूर झालो नव्हतो. आणि शेवटी हे, मी जसंच्या तसं उतरवते: "मला एक मुलगी आहे. ती विचारते, काय तुटलं होतं. मी तिला दर वेळी वेगळं सांगतो. खरं म्हणजे काहीच तुटलं नव्हतं."

अम्मीची लंडनची बाई म्हणजे हे दोन पानी पत्र. चहा आला तो तसाच ठेवला.

मग त्या बाईने तिची बाजू सांगितली. तिचे वडील पुन्हा कधी अंतिम फेरीपर्यंत पोचले नाहीत. पुढच्याच वर्षी मांडीचं हाड मोडलं, मग आयुष्यभर बस चालवली. तुमचं पत्र आलं तेव्हा ते त्यांनी तिच्या आईला वाचून दाखवलं आणि म्हणाले, बघ, चोर स्वतःच कबूल करतोय. त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, की भेगेबद्दल त्यांना कुणीही काहीही सांगितलं नव्हतं. त्या हिंदी मेकॅनिकला कुणीतरी फितवलं आणि वीस वर्षांनी त्याचं मन खायला लागलं म्हणून त्याने भेग शोधून काढली. ते मागच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या गावात जुन्या रायडरांचं एक छोटं म्युझियम आहे, तिथे त्यांचं हेल्मेट आणि एक फलक लागणार आहे. फलकावरचा मजकूर तिने द्यायचा आहे. तो तिने मला दाखवला. त्यात तुमचं नाव होतं, आणि नावापुढे लिहिलं होतं की या मेकॅनिकने घात केला.

"उद्या हा छापायला जाईल," ती म्हणाली. "बाबांची तीच इच्छा होती. पण त्यांनी ते पत्र फाडलं नाही. चाळीस वर्षांहून जास्त जपून ठेवलं. चोराचं पत्र माणूस इतकं जपतो का? म्हणून मी आले. तुम्ही त्यांची मुलगी आहात. मला सांगा, भेग खरंच होती?"

मी सर्व्हेयरसारखाच विचार केला, अब्बा, दुसरा मला येत नाही. ती मशीन कुठे आहे? विकली, त्याच आठवड्यात, परदेशी कुणाला तरी. पुढे ती फ्रेम मोडली का? माहीत नाही. भेग दिसली तर तुम्ही अधिकाऱ्याला का सांगितलं नाहीत? तपासणीला तिथे माणसं असतात. बोटीवरून उतरलेल्या काळ्या खलाशाचं कोण ऐकणार होतं, हे खरं असेल, पण ते पत्रात नाही. चोरून मेथनॉल कमी भरायचं सुचलं आणि मोठ्याने ओरडायचं सुचलं नाही? माझ्यासमोर हा क्लेम आला असता तर मी तो परत पाठवला असता.

आणि मला ती पिकअप आठवली. मी सोळाची असेन. एक स्थानिक मासळीवाला त्याची पिकअप न्यायला आला होता, बर्फ वितळत होता, त्याला घाई. तुम्ही स्टिअरिंगचा दांडा रॉकेलने पुसला, त्यावर खडूची पूड फुंकली आणि म्हणालात, बघ, रेष उमटली, ही भेग. त्याने वाकून पाहिलं, काही दिसेना. तुम्ही मला बोलावलंत, म्हणालात, तू सांग. मी वाकले, नीट पाहिलं. मलाही काही दिसलं नाही. तरीही तुम्ही किल्ली दिली नाहीत. तो हातवारे करत, शिव्या देत टॅक्सीने गेला आणि परत कधी आला नाही. तुम्ही नवा दांडा घालूनच पिकअप त्याच्या घरी पोचवलीत. असं तुम्ही किती जणांशी केलंत. अम्मी म्हणायची, यांना कुठेही भेगा दिसतात. तेव्हा मला वाटलं होतं, हा गिऱ्हाईक अडकवून ठेवायचा धंदा आहे. आता त्या हॉटेलात बसून वेगळंच वाटायला लागलं, आणि ते जास्त वाईट होतं. न दिसणाऱ्या भेगा तुम्हाला दिसत होत्या. मग त्या दिवशी लंडनलाही दिसली असेल, नसलेली. घाबरलेल्या माणसाला दिसते तशी. म्हणजे तुम्ही खोटारडे नव्हता आणि भेगही नव्हती. किंवा भेग होती, तो माणूस थोडक्यात वाचला, आणि तेव्हापासून प्रत्येक लोखंडात तीच शोधत राहिलात. दोन्ही बसतं. पुरावा कशालाच नाही.

तुमच्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात मी अकरा दिवस तुमच्या उशाशी होते. तुम्ही शुद्धीत होता. मी तुम्हाला वर्कशॉपच्या किल्ल्या कुठे आहेत ते विचारलं, लायसन्सच्या रिन्युअलचं विचारलं. त्या शर्यतीत काय तुटलं होतं, हे विचारलं नाही. तुम्हीच म्हणाला होता, सोडायला शीक. मी चुकीच्या वेळी शिकले.

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "होती. मला सांगितलं होतं त्यांनी. फोर्कच्या मानेपाशी, डाव्या बाजूला."

"मग बाबा खोटं बोलत होते?"

तिचा आवाज अगदी लहान झाला. मला तोपर्यंत वाटत होतं की ती तुम्हाला अडकवायला आली आहे. तिलाही घरी कुणीतरी खोटं बोललंय एवढंच कळलं होतं, आणि तो माणूस तिचा बाप निघू नये म्हणून ती इतक्या लांब आली होती. मी म्हटलं, नाही. अब्बा म्हणायचे की पिट्समध्ये, शर्यतीआधी गाड्या उभ्या राहतात तिथे, चारही इंजिनं सुरू होती. त्यांनी ओरडून सांगितलं, त्याने हसून मान हलवली, पण त्याला ऐकू गेलं की नाही याची त्यांना शेवटपर्यंत खात्री नव्हती.

ती पर्सचा बंद चाळवत राहिली. मग म्हणाली, "ते कानात कापूस घालायचे. आई त्यांच्या जाकिटाच्या खिशात कापूस ठेवायची." आणि रडायला लागली. वेटर बघायला लागला तसा मी त्याला हातानेच खलास म्हटलं, बिल आण.

तिने कागद पुढे केला. हे लिहून द्याल का, दोन ओळी, म्युझियमला दाखवायला. मी लिहिलं. माझ्या वडिलांनी मला सांगितलं की, असं सुरू करून, भेग कुठे होती, ती सांगताना इंजिनं कशी सुरू होती, सगळं. खाली सही केली, ऑफिसात करते तशीच, पूर्ण नावाची. तिने सही वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि क्षणभर मला वाटलं, हिला कळलंय. शिक्षिका होती ती, खोट्या सबबी तिने कमी ऐकल्या नसतील. पण तिने कागदाची घडी केली आणि तुमच्या पत्राच्या फोल्डरमध्ये ठेवली.

परवा तिने फोटो पाठवला. फलकावर लिहिलंय की शेवटच्या शर्यतीआधी मेकॅनिकला फ्रेममध्ये भेग आढळली आणि त्याने रायडरचा जीव वाचवण्यासाठी मशीन थांबवली. तुमचं नाव आहे, स्पेलिंग बरोबर आहे. मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, "वाव, ग्रँडपा वॉज अ हीरो."

हे मी कुठे टाकणार? शुक्रवारी कब्रस्तानात जाईन तेव्हा फातिहा म्हणेन, एवढंच तिथे पोचतं. कागद घरीच राहील, आणि घरात मराठी वाचणारं माझ्याशिवाय आता कुणी नाही, म्हणून सरळ लिहिते. भेगेबद्दल तुम्ही मला आयुष्यात एक शब्द सांगितला नव्हता. डावी बाजू मी तिथेच ठरवली. इंजिनांच्या आवाजाची गोष्ट तर मी त्या टेबलावर, चहा निवायच्या आत रचली. आणि सही केली तेव्हाही माझा तुमच्यावर विश्वास बसला नव्हता, अब्बा. आजही पूर्ण बसलेला नाही. पण ‘घात केला’ हे एका परक्या गावातल्या भिंतीवर लिहिलं जाणार होतं, आणि तुमच्यावर संशय घ्यायचा तर तो घरच्यांनी.